चिमूटभर जायफळाचा इतिहास

गेल्या रमजान ईदच्या चांदरातीला मी शीरखुर्म्याची तयारी करत होते. खारका भिजवून चिरल्या होत्या, चारोळी सोलून झाली होती, शेवया तुपात परतून बाजूला ठेवल्या होत्या. शेवटी वेलची आणि जायफळाची डबी काढली, तेवढ्यात जिद्द्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याची ईद आमच्या एक दिवस आधीच झाली होती. सलाम-दुआ झाली आणि त्याची नजर माझ्या हातातल्या किसणीवर गेली.

"खाला, ते जायफळ आहे ना? शीरखुर्म्यात टाकता तुम्ही? हराम आहे ते. इकडे आणूच देत नाहीत."

"तुझी नानी आयुष्यभर टाकत आली," मी म्हटलं.

"नानीला माहीत नव्हतं, खाला. आता सगळं नेटवर आहे."

पोरगा उद्धट नाही. काळजीने बोलत होता. मी किसणीवर दोनदा जायफळ फिरवलं, शीरखुर्मा केला, सगळ्यांनी खाल्ला. पण त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. ईदनंतर सुट्टीत मी जमेल तेवढं वाचलं. प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि त्याच्या मागोमाग असा एक इतिहासही समोर आला, जो मला ना शाळेत कुणी शिकवला ना मी वर्गात कधी शिकवला. आजचा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

प्रश्न कुठून आला?

जायफळात काही नशा आणणारं असतं का? असतं. मिरिस्टिसिन, एलेमिसिन, सॅफ्रोल अशी त्यातल्या तेलातल्या घटकांची नावं आहेत. जायफळाला जो उबदार, थोडा कडसर वास येतो तो या तेलाचाच. स्वयंपाकात आपण वापरतो त्या चिमटीत हे घटक इतके कमी असतात, की अंगावर काहीच परिणाम जाणवत नाही. पण कुणी एकदम ५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त पूड पोटात घातली, तर गोष्ट बदलते. मध्यम आकाराचं एक अख्खं जायफळ साधारण तेवढ्याच वजनाचं असतं, म्हणजे हे प्रमाण फार मोठं नाही.

मग काय होतं? पहिले तीन ते सहा तास बहुधा काहीच होत नाही. धोका इथेच आहे. काही झालं नाही म्हणून माणूस आणखी खातो. नंतर मळमळ, उलट्या, तोंडाला कोरड, छातीत धडधड, चक्कर, भीती वाटणं, भलतंसलतं दिसणं, भ्रम. हे सगळं एक दिवस, कधी त्याहून जास्त टिकतं. याच्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही; रुग्णालयात ठेवून लक्षणांवर उपचार करतात. मृत्यू फार क्वचित होतो, पण ज्यांनी हे अनुभवलं ते पुन्हा त्या वाटेला सहसा जात नाहीत.

युरोपात याची लेखी नोंद १५७६ सालची सापडते. लोबेलियस नावाच्या वैद्यकाने एका गरोदर इंग्रज बाईबद्दल लिहून ठेवलं आहे, की दहा-बारा जायफळं खाल्ल्यावर ती नशेत बरळू लागली. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केला, तीन जायफळं खाल्ली आणि काय काय झालं ते लिहिलं. इंग्लंड-अमेरिकेत एके काळी नको असलेला गर्भ पडावा म्हणून बायका जायफळ खात. गर्भ पडत नसे, विषबाधा मात्र होई.

आणि एक नाव आपल्या ओळखीचं. माल्कम एक्स. इस्लामकडे वळण्याआधी, बोस्टनच्या तुरुंगात असताना, ते कैद्यांकडून काडेपेटीत भरून मिळणारी जायफळाची पूड थंड पाण्यात मिसळून नशेसाठी पीत. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेलं नाही. तुरुंगाच्या स्वयंपाकघरातून चोरलेला हा मसाला तिथे नशेचं सर्वात स्वस्त साधन होता. पुढे त्यांनी नशा सोडली ती सगळीच, जायफळासकट.

म्हणजे भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं.

फकीहांनी काय म्हटलं?

मी मुफ्ती नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इथे फतवा द्यायचा नाही, आपल्या बुजुर्गांमध्ये या विषयावर काय चर्चा झाली तेवढं सांगायचं आहे.

एक हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे: ज्याचं जास्त प्रमाण नशा आणतं, त्याचं थोडं प्रमाणही हराम. जायफळावरचा सगळा वाद या एका वाक्याभोवती फिरतो. सोळाव्या शतकात मक्केत राहणारे शाफई आलिम इब्न हजर अल-हैतमी यांनी जायफळाला नशा आणणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आणि सक्त भूमिका घेतली. त्याच शाफई मसलकाचे इजिप्तमधले आलिम शिहाबुद्दीन रमली यांनी मात्र म्हटलं, की थोडं असेल तर जायज, जास्त असेल तर हराम. हनफी फिक्हच्या 'दुर्रे मुख्तार' या ग्रंथातही जायफळाची मनाई आली आहे. त्यावर भाष्य लिहिणारे दमास्कसचे इब्न आबिदीन यांनी उलगडा केला, की 'थोडंही हराम' हा नियम पिण्याच्या मादक द्रवांसाठी आहे. भांग, जायफळ यांसारख्या घन वस्तूंमध्ये नशा येईल तेवढं प्रमाण हराम आणि औषधापुरतं थोडं प्रमाण त्यात येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्हीकडे ही चर्चा झालेली आहे आणि दोन्हीकडे 'किती' हा शब्द कळीचा ठरला आहे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी प्रयोगशाळा नव्हत्या, मिरिस्टिसिन हे नाव नव्हतं, तरी त्या आलिमांनी प्रश्न बरोबर जागी नेऊन ठेवला याचं मला कौतुक वाटतं. ज्यांना सावधगिरी म्हणून जायफळ अजिबात नको त्यांनी ते टाळावं. वेलचीवरही शीरखुर्मा छान होतो. पण जी माणसं चिमूटभर टाकतात त्यांना एका फॉरवर्डवरून गुन्हेगार ठरवू नये, एवढंच माझं मागणं आहे.

सौदीत अख्खं जायफळ किंवा त्याची पूड आणायला परवानगी नाही. मसाल्यांच्या मिश्रणात ठरावीक प्रमाणापर्यंतच चालते. हा तिथला कायदा आहे. हज-उमऱ्याला जाताना किंवा आखातात नोकरीला जाताना सामानात जायफळाची डबी टाकू नका. खसखससुद्धा टाकू नका. आखातातल्या काही देशांत तिच्यावरही बंदी आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या मसाल्याच्या पुडीपायी विमानतळावर चौकशीला सामोरं जावं लागू नये.

मक्केत जायफळ आलं कुठून?

इथवर वाचल्यावर मला दुसराच प्रश्न पडला. सोळाव्या शतकात मक्का आणि काहिरात जायफळावर वाद घालण्याइतकं ते घराघरात होतं. पण अरबस्तानात जायफळाचं झाड नाही. इराणात नाही. मग ते यायचं कुठून?

शब्दांकडे पाहिलं तर मजा वाटते. अरबीत 'जौझ अत्-तीब', म्हणजे सुगंधी अक्रोड. फारसीत 'जौज़बूया', म्हणजे वासाचा अक्रोड. युनानी हकिमांच्या पुस्तकात तेच 'जौज़बुवा' होतं. जायपत्रीला अरबीत 'बसबासा'. युरोपीय भाषांतल्या नावाचा उगम 'कस्तुरीच्या वासाचं कवचीफळ' असा. आपलं जायफळ संस्कृत 'जातीफल' वरून आलं. इब्न सिनांच्या 'कानून'मध्ये जायफळ आहे, आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. सगळ्यांनी त्याच्या वासाला नाव दिलं, पण यातलं एकही नाव ते कुठल्या गावचं हे सांगत नाही. सांगणार तरी कसं? वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होतं.

जायफळाचं गाव म्हणजे बांदा बेटं. सावंतवाडीजवळचं आपलं बांदा नव्हे. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातला, मलुकू प्रांतातला छोट्या बेटांचा पुंजका. लोंथोर, नेइरा, आय, रुन अशी त्यांची नावं. त्यातल्या एका बेटावर जागता ज्वालामुखी. नकाशावर शोधायला गेलं तर भिंग लागावं इतकी ती लहान आहेत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगातलं जवळपास सगळं जायफळ आणि जायपत्री तिथूनच येत असे.

झाड सदाहरित, फळ पिवळं, पेरूपेक्षा थोडं लहान. पिकलं की आपोआप उकलतं. आत लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. त्याखाली टणक कवच आणि कवचात जायफळ. एकाच फळाचे हे दोन मसाले. झाडांत नर आणि मादी वेगळे असतात, आणि फळ मादी झाडालाच धरतं.

बांदाच्या लोकांना राजा नव्हता. गावोगावचे प्रतिष्ठित व्यापारी, ज्यांना ते 'ओरांग काया' म्हणत, एकत्र बसून निर्णय घेत. पंधराव्या शतकात व्यापाऱ्यांच्या वाटेनेच तिथे इस्लाम पोहोचला. पोर्तुगीज तोमे पिरेश याने १५१२ ते १५१५ च्या दरम्यान मलाक्का आणि भारतात राहून लिहिलेल्या वृत्तांतात या बेटांवरच्या मुसलमानांची नोंद आहे. बेटांवर भात पिकत नसे. जावा, मलाक्का इथले व्यापारी तांदूळ आणि कापड घेऊन येत आणि जायफळ-जायपत्री घेऊन जात. त्या कापडात खंबायतच्या बाजूचं गुजराती सुती कापडही असे. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर विणलेल्या कापडाच्या बदल्यात बांदाचं जायफळ मिळे, आणि मग गुजराती, मलबारी, अरब जहाजांतून ते एडन, मक्का, काहिरा आणि पुढे व्हेनिसला जाई.

या साखळीत आपली माणसंही होती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का, आणि १५१२ मध्ये त्यांची जहाजं बांदाला पोहोचली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींवरच्या पुस्तकात जायफळ-जायपत्रीवर एक संवाद लिहिला. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी जात असे आणि तिथल्या मुसलमान हकिमांशी औषधांवर चर्चा करत असे. ज्या जायफळावर मक्केत आलिम वाद घालत होते, त्याच जायफळाबद्दल त्याच शतकात गोव्यात वैद्य लिहीत होता. दोघांकडचं जायफळ बांदाच्या कुणा मुसलमान कुटुंबाने झाडावरून उतरवलेलं होतं.

१६२१

आता जे सांगायचं आहे ते सांगताना जड जातं.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात जायफळाला सोन्यासारखा भाव होता. पचनाला, डोक्याला, झोपेला ते चांगलं मानत. प्लेगच्या दिवसांत सुगंधी मसाले गळ्यात बांधून हिंडत, त्यात जायफळ असे; त्याने साथ दूर राहते असा समज होता. प्लेगवर जायफळाचा काही उपयोग नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्या समजुतीने भाव चढवले, आणि चढलेल्या भावाने जहाजं आणली.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. त्याच सुमारास डचांनी बांदाच्या काही ओरांग कायांकडून एका करारावर सह्या घेतल्या: जायफळ फक्त डचांनाच विकायचं. करार डच भाषेत होता, सह्या करणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती, आणि सगळ्या गावांनी सह्या केल्याही नव्हत्या. डच जे देऊ करत होते त्यात त्या उष्ण बेटांवर बिनकामाचं लोकरी कापड होतं. तांदूळ पुरेसा नव्हता. बांदाची माणसं पूर्वीसारखीच जावा-मकासरच्या आणि नंतर इंग्रज व्यापाऱ्यांनाही माल विकत राहिली. डचांच्या लेखी हा करारभंग होता. १६०९ मध्ये डच सेनापती फेरहूफ नेइरावर किल्ला बांधायला आला, तेव्हा बांदाच्या लोकांनी त्याला बोलणीसाठी बोलावून त्याच्या माणसांसह ठार केलं. हेही सांगायला हवं. त्या मोहिमेत यान पीटरझोन कून नावाचा एक तरुण व्यापारी होता. तो वाचला, आणि विसरला नाही.

बारा वर्षांनी, १६२१ मध्ये, हाच कून कंपनीचा गव्हर्नर जनरल म्हणून बांदाला परतला. सोबत दीड हजारांहून जास्त सैनिक आणि काही भाडोत्री जपानी योद्धे. लोंथोर बेट जिंकलं गेलं. सेलामोन गावात सोंक नावाच्या अधिकाऱ्याने तळ ठोकला, गावातली चांगली घरं आणि मशीद ताब्यात घेतली. एप्रिलच्या एका रात्री तो झोपला होता त्या इमारतीत एक दिवा खाली पडला. तो हल्ल्याचा इशारा आहे अशी डचांची समजूत झाली आणि अंधारात गोळ्या सुटल्या. पुढच्या आठवड्यांत गावं जाळली गेली, लोक डोंगरात पळाले, भुकेने मेले, कड्यांवरून पडले.

८ मे १६२१ रोजी नासाउ किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात ४४ ओरांग कायांना नेलं आणि जपानी तलवारींनी कापलं. तिथे हजर असलेल्या एका डच माणसानेच हे लिहून ठेवलं आहे. त्याने नोंदवलं, की सगळं निमूटपणे झालं. फक्त एकाने डच भाषेत विचारलं, की तुमच्याजवळ काहीच दया नाही का.

मी भाषा शिकवते. म्हणून असेल, पण या नोंदीपाशी मी फार वेळ थांबले. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या भाषेतला करार कुणाला वाचता आला नव्हता, ती भाषा आता त्यांच्यातल्या एकाला येत होती. त्या भाषेत त्याने विचारलेला हा एकच प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

बांदाची लोकसंख्या आधी १५,००० च्या आसपास होती असा अंदाज आहे. नंतर बेटांवर मूळचे जेमतेम हजारभर उरले. शेकडोंना गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं. थोडे होड्यांतून निसटले. रिकाम्या जमिनीचे डचांनी ६८ तुकडे पाडले, ते डच बागाईतदारांना दिले, आणि राबायला ठिकठिकाणचे गुलाम आणले. त्यात भारताच्या किनाऱ्यावरूनही माणसं नेली गेली. ज्यांना झाडाची माहिती होती अशा उरल्यासुरल्या बांदावासीयांना आपल्याच बागांत गुलामी करत नव्या लोकांना काम शिकवावं लागलं.

हीच कंपनी १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालून बसली. तिथल्या डच वखारीचे अवशेष आजही आहेत. कोकणात जाणं झालं तर अवश्य बघा, आणि बघताना बांदा बेटंही आठवा.

मक्तेदारी कशी फुटली

रुन हे एक चिमुकलं बेट इंग्रजांच्या दाव्यात होतं. १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी त्यावरचा हक्क सोडला, आणि डचांनी उत्तर अमेरिकेतली आपली वसाहत इंग्रजांकडेच राहू दिली. त्या वसाहतीत मॅनहॅटन होतं. त्या वेळी डचांना हा सौदा नफ्याचा वाटला होता.

जायफळ कुठेही रुजू नये म्हणून डच ते विकण्याआधी चुन्याच्या निवळीत बुडवत. तरी रोपं निसटलीच. १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाच्या खटपटीने ती मॉरिशसला पोहोचली. नंतर नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत इंग्रजांनी बांदाचा ताबा घेतला तेव्हा त्यांनी रोपं पेनांग आणि श्रीलंकेकडे नेली. १८४३ मध्ये ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाला पोहोचली. आज त्या देशाच्या झेंड्यावर जायफळाचं चित्र आहे. आपल्याकडे केरळात जायफळ भरपूर होतं. कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून लावतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा'सारख्या जाती काढल्या आहेत. नर-मादीचा घोळ टाळायला शेतकरी आता कलमं लावतात. आपल्या डब्यातलं जायफळ आता बहुधा केरळातलं किंवा कोकणातलं असतं. ते रोप बांदाहून इथवर यायला मात्र एवढा प्रवास करावा लागला.

स्वयंपाकघरात

आता थोडं कामाचं.

जायफळ नेहमी अख्खं घ्यावं आणि लागेल तेव्हा किसावं. पूड करून ठेवली की वास उडतो आणि अंदाज चुकतो. ओलसर, भोकं पडलेलं, बुरशीचा वास येणारं जायफळ फेकून द्यावं. त्याला बुरशीचं विष धरतं, ते शिजवून जात नाही. शीरखुर्मा, बासुंदी, श्रीखंड, पुरण, कॉफी या सगळ्यांत ते दुधाच्या किंवा गुळाच्या गोडीला भारदस्त करतं. बिर्याणीत, कोर्म्यात जायपत्री घालतात. तिचा वास जायफळापेक्षा हलका असतो. पातेलंभर शीरखुर्म्याला पाव जायफळ पुष्कळ झालं, आणि ते दहा जणांत वाटलं जातं. पदार्थ आचेवरून उतरवताना घालावं.

माझ्या आजीकडे बाळगुटीची सहाण होती. जायफळ, हळकुंड, वेखंड एकेक करून ती आईच्या दुधात उगाळायची आणि प्रत्येकाचे वेढे मोजायची. जायफळाचा एकच वेढा. दुसरा मागितला तर रागवायची. एका वेढ्यात किती अंश उतरत असेल ते तिला सांगता आलं नसतं, पण तिची मात्रा ठरलेली होती. आता तयार पूड मिळते आणि लोक ती अंदाजाने बाळाच्या तोंडात घालतात. रडणारं बाळ झोपावं म्हणून असं करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: करू नका. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात. झोपलेलं बाळ आणि गुंगीत गेलेलं बाळ बाहेरून सारखंच दिसतं.

गरोदर बायकांनी पदार्थातल्या चिमटीला घाबरू नये, पण औषध म्हणून जायफळ खाऊ नये. मनाच्या आजारावर गोळ्या चालू असतील त्यांनीही चमचाभर जायफळ दुधात घालून झोपेचा घरगुती उपाय करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वैद्याकडचं जातीफलादी चूर्ण पोटाच्या तक्रारींवर देतात. त्यात जायफळाबरोबर भांगही असते. ते आपल्या मनाने आणून घेऊ नये. आणि घरात तरुण मुलं असतील तर त्यांना नेटवर बघून जायफळाची नशा करण्याचे प्रकार माहीत असतात हे गृहीत धरा. त्यांच्याशी बोला.

शेवटी

१६२१ मध्ये होड्यांतून निसटलेली काही बांदाची माणसं आग्नेयेकडच्या काई बेटांवर पोहोचली. तिथे त्यांनी दोन गावं वसवली, बांदा एली आणि बांदा एलात. ती गावं आजही आहेत. गंमत अशी, की मूळ बांदा बेटांवर बांदाची जुनी भाषा आज कुणी बोलत नाही. तिथे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या लोकांच्या वंशजांची मलय बोली चालते. जुनी भाषा जिवंत आहे ती काई बेटांवरच्या या दोन गावांत. चारशे वर्षं परक्या बेटावर राहून त्यांनी गावाचं नाव आणि भाषा दोन्ही सांभाळली.

नेदरलँड्समधल्या होर्न गावात कूनचा पुतळा आहे. २०११ मध्ये क्रेनचा धक्का लागून तो पडला. पुन्हा उभा करायचा की नाही यावर तिथे बराच वाद झाला. शेवटी उभा केला, पण पायथ्याच्या फलकावर बांदाबद्दलचा मजकूर घालून. हे कमी आहे की पुरेसं, ते तिथल्या लोकांनी ठरवावं. आपल्याला मात्र अजून ही गोष्ट माहीतच नाही. जगाच्या एका टोकाला एक अख्खी मुसलमान वस्ती एका मसाल्यापायी संपवली गेली, तो मसाला आपल्या प्रत्येक घरात आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्यात फिरणारा प्रश्न एवढाच, की तो खाल्ला तर चालतो का.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. मी त्याला हे सगळं सांगितलं, रमली आणि हैतमींपासून बांदा एलीपर्यंत. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "खाला, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?"

त्याचं माध्यमिक शिक्षण माझ्याच शाळेत झालं. मी म्हटलं, "मलाच माहीत नव्हतं रे."

येत्या जूनपासून आठवीच्या वर्गात एक तास मी जायफळासाठी काढून ठेवणार आहे. एक जायफळ, एक किसणी आणि जगाचा नकाशा घेऊन जाईन.